बोंड्या आणि लिंबाची डहाळी

देवीदास फुलवाल्याला 'नाही' म्हणता येत नसे. तोंडात दोष म्हणावा, तर तसंही नव्हतं. बैल हाकताना त्याचा आवाज मोर्णा नदीच्या पलीकडे जायचा. पण समोर माणूस उभा राहून काही मागू लागला, की देवीदासची मान आपोआप वरून खाली आणि खालून वर हलायला लागायची. या मानेपायी त्यानं एकदा एकाच मुहूर्ताच्या दोन लग्नांचे हार कबूल केले होते (आणि दोन्हीकडच्या वरबापांच्या शिव्या खाताना मान तशीच हलवली होती). याच मानेपायी शेजारचा शेषराव कित्येक वर्षं रोज सकाळी त्याच्या ओसरीवर बसून त्याचा चहा प्यायचा. शेषराव उठून गेला की टोपलीत दोन गुलाब कमी भरायचे. ते उंदीर नेतात, अशी देवीदासची समजूत होती.

तर अशा या देवीदासच्या घरी एक कुत्र्याचं पिल्लू आलं.

अकोल्याच्या जुन्या शहरात त्याचं घर, नदीकाठी फुलांचा मळा, आणि कापसाच्या प्रेसच्या गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर रोज सकाळी फुलं पोचवायचं काम. त्या साहेबाची कुत्री व्याली. मडमेनं एक पिल्लू देवीदासच्या टोपलीत ठेवलं आणि इंग्रजीत काहीतरी विचारलं. देवीदासची मान हलली. पिल्लू घरी आलं. उललेल्या बोंडातून कापूस बाहेर यावा तसं ते पांढरं आणि फुगलेलं होतं, म्हणून त्याचं नाव पडलं बोंड्या.

सत्यवती, म्हणजे देवीदासची बायको, पिल्लाला हात लावेना. तिनं पदर तोंडाला लावला आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"मले नोको," ती म्हणाली. "याचाबी जीव जाईन, न मी मांडीवर घेऊन पाहत बसीन. एकदा पाह्यलं तेवढं पुरं झालं."

मागच्या उन्हाळ्यात त्यांचा आधीचा कुत्रा, सरक्या, गेला होता. आधी त्याचे डोळे चिपडले, मग नाक गळायला लागलं, मग त्यानं खाणं सोडलं, आणि शेवटी झटके येऊन येऊन तो सत्यवतीच्या मांडीवरच थंड झाला. त्या दिवशी घरात चूल पेटली नाही. देवीदास मळ्यात गेला, मोगऱ्याच्या वाफ्यात बसला आणि मोठमोठ्यानं रडला. (घरी येऊन डोळ्यात कचरा गेला म्हणाला. दोन्ही डोळ्यांत.) घरात दुसरं लेकरू नव्हतं, आणि ते दुःख या दुःखात मिसळून गेलं होतं, हे दोघांनाही कळत होतं आणि दोघंही बोलत नव्हते.

"याचा जीव नाही जानार," देवीदास म्हणाला. "मी जाऊ देनार नाही."

मान न हलवता त्यानं दिलेला हा आयुष्यातला पहिला शब्द असावा. सत्यवतीनं वळून पाहिलं. तेवढ्यात बोंड्यानं तिच्या पायाचं बोट तोंडात धरलं, आणि पुढचा प्रश्नच मिटला.

सरक्या ज्या बीमारीनं गेला, तिच्यावरची लस साहेबानं आपल्या सगळ्या पिल्लांसाठी मुंबईहून मागवली होती. बर्फाच्या पेटीत घालून ती मेल गाडीनं आली होती, आणि त्यातली एका पिल्लापुरती, दोन वेळची, बोंड्याच्या वाट्याला ठेवली होती. सुई टोचायला ढोरांच्या दवाखान्याचे डॉक्टर मुनव्वर सायकलवरून घरी आले. बोंड्याला सुई टोचून झाल्यावर त्यांनी देवीदासला समोर बसवलं.

"देखो देवीदास, ही बीमारी कुत्र्याची कुत्र्याला लागते. थुंकीतून, नाकाच्या पाण्यातून, एका भांड्यातून. बीमार कुत्र्याला कुरवाळून तुम्ही इसको हात लावला, तरी लागते. आज पहिली सुई झाली. पंधरा दिवसांनी दुसरी. तोवर हे पिल्लू घराबाहेर जायचं नाही, बाहेरचं कुत्रं घरात यायचं नाही."

"पन सुई तं झाली ना डॉक्टरसाब?"

"सुई झाली म्हणजे काम झालं नाही. अंगात ताकद तयार व्हायला वक्त लागतो. पेरलं की दुसऱ्या दिवशी कापूस वेचता का तुम्ही? आणि सुनो, कुत्रं पाळणारा माणूसही उंबऱ्याच्या आत नको."

देवीदासनं ओसरीकडे पाहिलं. "मानूस म्हंजे, शेजारीबी?"

"शेजारी सबसे पहले. साफ सांगून टाकायचं, भाऊ, पंधरा दिवस येऊ नका. सांगाल ना?"

देवीदासची मान हलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेषराव नेहमीप्रमाणे आला, आणि त्याच्या मागोमाग नेहमीप्रमाणे त्याचा वाघ्या. वाघ्या हा गल्लीतला नावाजलेला कुत्रा. गावात कुठंही काही मेलेलं असलं की सगळ्यात आधी वाघ्या तिथं असायचा, आणि मग तेच तोंड घेऊन देवीदासच्या ओसरीवर यायचा.

"शेषरावभाऊ," देवीदासनं सुरुवात केली, "मी काय म्हनत होतो..."

"म्हन ना गा."

"म्हंजे पंधरा दिवस... तुमी..."

"काय मी?"

"तुमी चहात गूळ कमी घेता का, म्हनलं."

तेवढ्यात वाघ्यानं दारातून आत नाक घातलं. आतून सत्यवतीनं दार असं आपटलं की भिंतीचे पोपडे पडले. शेषराव चहा पिऊन गेल्यावर ती बाहेर आली. बोंड्या तिच्या पदरात गुंडाळलेला होता. "तुमी सांगता का मी सांगू? का सरक्याच्या बाजूले याच्यासाठी खड्डा खोदून ठेवता?"

"सांगतो. आज सांगतोच."

त्या संध्याकाळी देवीदास मळ्याच्या बांधावरच्या कडुलिंबाखाली चिंता करत बसला होता. वर पाहता पाहता त्याला एकदम युक्ती सुचली, आणि ती सुचल्याबद्दल त्यानं स्वतःचंच कौतुक केलं. (पुढं कित्येक वर्षं तो त्या झाडाखाली चुकूनही बसला नाही.)

ज्या घरात कुणाच्या अंगावर देवी येतात, म्हणजे ताप भरून फोड उठतात, त्या घराच्या दाराला लिंबाची डहाळी बांधायची. डहाळी दिसली की बाहेरचा माणूस उंबरा ओलांडत नाही, हात जोडून वळतो. हे वऱ्हाडात पाळण्यातल्या लेकरालाही ठाऊक. म्हणजे बघा, कुणाला काही बोलायचं नाही. नाही म्हणायचं नाही, खोटंही बोलायचं नाही. नुसती एक डहाळी बांधायची.

"देवीच्या नावानं थट्टा करता?" सत्यवती म्हणाली.

"थट्टा कायची? दारात पाला बांधला. हवा थंड राह्यते."

सत्यवतीनं बोंड्याकडे पाहिलं आणि त्याला उचलून आत गेली. मात्र देवापुढं दिवा लावताना तिनं हात जोडून "माय, याच्या अकलेकडं पाहू नोको" असं पुटपुटलेलं देवीदासला ऐकू आलं.

सकाळी शेषराव आला. डहाळी पाहून जागच्या जागी थांबला, वाघ्याचा कान धरून त्याला मागं ओढलं, हात जोडले आणि आल्या पावली परतला. दाराच्या फटीतून पाहणाऱ्या देवीदासला इतका आनंद झाला, की त्यानं बोंड्याला डोक्यावर घेऊन घरभर फेरी मारली.

पण डहाळी बांधताना एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली नव्हती. डहाळी बांधली की देवी कुणाला तरी यावी लागते, आणि घरात माणसं होती दोनच. सत्यवती पाणी भरायला विहिरीवर गेली. ठणठणीत होती, दोन घागरी घेऊन आली. शेषरावची बायको सुभद्रा विहिरीवरच होती. तिनं दोनातून एक वजा केला.

"देवीदासभाऊले आल्या वं माय! एवढ्या मोठ्या वयात! न नावबी देवीदास!"

दुपारपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं, आणि देवीदासला झोपणं भाग पडलं.

चैत्राचा महिना, अकोल्याचं ऊन, आणि देवीदास घोंगडी पांघरून बाजेवर. बाहेर पाय वाजला की घोंगडी डोक्यावर. ज्याला देवी येतात तो देवीच होतो, म्हणून बायका दारात पाणी शिंपून त्याला लांबून नमस्कार करून जायच्या. घरात फोडणी द्यायची नाही, देवीला तळण्याचा वास चालत नाही. सुभद्रा आपल्या अंगणात बसून नाकानं पहारा करायची, म्हणून तेलाचा थेंब कढईत पडायची सोय नव्हती. देवीदासचा जीव वांग्याच्या झणझणीत भाजीत अडकलेला, आणि ताटात सकाळी दहीभात, संध्याकाळी दहीभात. दाढी करायची नाही. घरात वरच्या आवाजात बोलायचं नाही. ही शेवटची अट सत्यवतीनं फार आवडीनं पाळायला लावली.

बोंड्याला मात्र घोंगडी मानवली. तो देवीदासच्या पायाशी आत शिरून झोपायचा आणि मधूनच अंगठा चावायचा. देवीदास ओरडला की बाहेर बायका कळवळायच्या. "ताप चढला वाटते बिचाऱ्याले!" तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, हे देवीदासला घोंगडीत कळलं.

आणि मग फुलांचं काय होईल, हेही त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. देवीच्या घरची फुलं देवळात चालेनात, मांडवात चालेनात. टोपल्याच्या टोपल्या मोगरा घरात सुकायला लागला. बाळापूरचे उत्तमराव, कापसाचे मोठे दलाल, आखाजीनंतरच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतरच्या, त्यांच्या मुलीच्या लग्नाचे सगळे हार देवीदासकडे द्यायचे म्हणून बैलांची दमणी जुंपून स्वतः आले. दारातली डहाळी पाहून दमणीतून उतरलेच नाहीत.

"नोको बापा," ते सत्यवतीला लांबून म्हणाले. "लग्नाचं काम हाय. मी अजून एकदा येऊन जाईन. डहाळी उतरली असंल तं फुलं तुमचीच. नसंल तं मंग दुसरा माळी पाहीन."

सत्यवती आत आली आणि त्या दिवशीच्या मोगऱ्याची माळ करून बोंड्याच्या गळ्यात घातली. "घ्या," ती खालच्या आवाजात म्हणाली, "नवरदेव घरातच हाय आपला." देवीदासनं घोंगडी डोक्यावरून ओढून घेतली. बाहेर कुणाचाच पाय वाजला नव्हता, तरी.

बातमी तेल्हाऱ्याला पोचली. वाटेत ती थोडी वाढली असावी, कारण देवीदासची सासू पार्बताबाई आली ती जावयाचा एक डोळा गेला असं धरूनच. डोक्यावर ताकाचं मडकं, डोळ्याला धार. उंबऱ्यावर उभी राहून, सत्यवती "आई, आई, थांब" म्हणते आहे तोवर, गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात तिनं नवस बोलून टाकला.

"मरीमाय! माह्या जावयाच्या अंगावर एक डाग नोको ठेवू! धडधाकट उठव त्याले! तो लिंबाचा पाला नेसून तुह्या देवळापर्यंत चालत येईन!"

मग तिला आत घेऊन सगळं सांगितलं. पार्बताबाईनं घोंगडी उचलून पाहिली. एका बाजूला जावई, दुसऱ्या बाजूला कुत्रं. तिनं मडकं खाली ठेवलं आणि घोंगडी पुन्हा दोघांवर टाकली.

"आई, नवस वापस घे," सत्यवती म्हणाली.

"नवस काय बजारातलं लुगडं हाय वापस द्याले? एक डाग नोको म्हनलं, एक डाग नाही. देवीनं आपलं काम केलं. आता जावई करतीन." आणि तिनं ताक देवीदासला न देता बोंड्याला दिलं.

पंधरा दिवस संपत आले होते. आता उद्या दुसरी सुई, की डहाळी उतरवायची, बरं झालो म्हणून बाहेर पडायचं, उत्तमरावांना निरोप धाडायचा, असा हिशेब देवीदासनं घोंगडीत मांडला होता. त्याच दिवशी दुपारी शेषराव एकटाच दारात आला. वाघ्या मागं नव्हता. शेषराव उंबऱ्याबाहेर गुडघ्यावर बसला आणि हात जोडून रडायला लागला.

"माय, माफ कर. माह्यावर कोपली तू, मले समजते. मी रोज देवीदासच्या टोपलीतले दोन गुलाब उचलत होतो. एक देवाले न एक सुभद्रेले. देवाले दोनी वाहिले असते तं तू कोपली नसती."

घोंगडीच्या आत देवीदासचे डोळे विस्फारले. (उंदरांसाठी त्यानं सापळा आणला होता. दोनदा त्यात स्वतःचंच बोट सापडलं होतं.)

"पन माह्या पापाचा दंड वाघ्याले कावून माय?" शेषरावनं उंबऱ्यावर कपाळ टेकवलं. "दोन रोजापासून तोंडात घास घेत नाही. डोये चिपडले, नाक गयून राहिलं. नुसता पडून हाय न माह्याकडं पाहून राहिला. मी त्याले अंगारा लावला. अजून काय करू, सांग माय!"

देवीदासनं घोंगडीत बोटं मोजली. डोळे, नाक, खाणं सोडणं. सरक्या असाच पाहायचा. हा देवीचा कोप नव्हता, ही तीच बीमारी होती, आणि ती भिंतीला लागून पलीकडच्या घरात आली होती. त्याला हे माहीत होतं, डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं होतं. आणि शेषरावला ते सांगायच्या ऐवजी तो घोंगडी पांघरून पडला होता. बोललो तर सगळं उघडं पडेल. नाही बोललो तर उद्या शेषरावच्या अंगणात खड्डा.

देवीदास ताडकन उठून बसला. घोंगडी डोक्यावर तशीच, वाढलेली दाढी, दहीभातानं बसलेला घसा.

"वाघ्याले मुनव्वर डॉक्टरकडं ने!" तो ओरडला. "आत्ताच्या आत्ता! अंगारा नोको! अन् त्याले दुसऱ्या कुत्र्यायपाशी जाऊ देऊ नोको!"

शेषराव जमिनीवर पालथा पडला. "माय बोलली!" तो किंचाळला. "डॉक्टरचं नाव घेऊन बोलली!" आणि उठून पळाला तो वाघ्याला पोत्यात घालून थेट ढोरांच्या दवाखान्यातच थांबला.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती म्हणतात. देवीदासचा तर मारुतीही झाला नाही, देवीच झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला जाग आली ती कोलाहलानं. फटीतून पाहतो तर गल्ली गच्च भरलेली. देवीदासच्या अंगातली देवी बोलते, आणि जनावरांचं तर नावानिशी सांगते, ही बातमी रातोरात पसरली होती. कुणी बकरी आणली होती, कुणी अंडी न घालणारी कोंबडी, कुणी लंगडा बैल. आणि कुत्री! काळी, तांबडी, लुळी, खरुजलेली, गल्लीतली आणि पलीकडच्या गल्लीतलीही. ज्या दारात एक कुत्रं येऊ नये म्हणून डहाळी बांधली, त्या दारात अकोल्याची निम्मी कुत्री देवीदर्शनाला बसली होती. भीक नको पण कुत्रं आवर, असं म्हणायला देवीदासजवळ भीकसुद्धा नव्हती.

एक तांबडं कुत्रं डहाळीखालून सरळ आत घुसलं. सत्यवतीनं बोंड्याला छातीशी घट्ट धरलं आणि शिडीवरून माळ्यावर चढली. पार्बताबाईनं लाटणं उचललं.

"आता म्हना!" वरून सत्यवती ओरडली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "एकदा तरी म्हना नाही! माह्या बोंड्यासाठी म्हना!"

देवीदासनं तांबड्या कुत्र्याला बाहेर ढकललं, दार मागं ओढून घेतलं आणि घोंगडी टाकून ओट्यावर उभा राहिला.

"नाही!" तो ओरडला. आयुष्यातला पहिला 'नाही', आणि तो सगळ्या गल्लीला एकदम. "नाही, नाही, नाही! कोनी आत येऊ नोका! देवी-बिवी काही नाही! मले काही झालं नाही! घरात कुत्र्याचं पिल्लू हाय, त्याच्यासाठी डहाळी बांधली! घरी जा न आपापली कुत्री घरात बांधून ठेवा!"

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं.

"तापात बडबडून राहिला," सुभद्रा हळहळली. आणि सगळ्यांनी वाकून नमस्कार केला.

तेवढ्यात सायकलची घंटी वाजली. दुसरी सुई घेऊन डॉक्टर मुनव्वर आले होते. त्यांच्यामागून नगरपालिकेचा देवी टोचणारा गोवर्धन, खांद्याला पेटी लटकवून. गल्लीत देवीचा रोगी आहे म्हणून त्याला कुणीतरी कळवलं होतं. गर्दी पाहून डॉक्टर सायकलवरून उतरले.

"क्या हुआ? पेशंट ठीक आहे ना?"

"बडबडून राहिला जी," शेषराव पुढं होऊन म्हणाला.

"बडबड करतो? भुंकतो म्हणा. खातो ना?"

"दहीभात खाते जी."

"अच्छा. झटके? नाक ओलं? शेपूट हलवतो ना?"

शेषरावनं देवीदासकडे मागून पाहिलं. "शेपूट... मले नाही दिसलं जी."

आतून बोंड्या खणखणीत भुंकला. मग डॉक्टरांनी देवीदासकडे पाहिलं, डहाळीकडे पाहिलं, गर्दीकडे पाहिलं, आणि त्यांना सगळा उलगडा झाला. ते आधी पोट धरून हसले. मग हसू आवरून तिथंच ओट्यावर उभे राहिले आणि देवीदासला जे पंधरा दिवसांपूर्वी एका माणसाला सांगायचं होतं, ते त्यांनी सगळ्यांना सांगितलं. ही बीमारी कशी लागते, आजारी कुत्रं वेगळं कसं ठेवायचं, त्याचं भांडं वेगळं, त्याला हात लावला तर हात धुतल्याशिवाय दुसऱ्याला लावायचा नाही.

"माहा वाघ्या वाचते का साब?" शेषरावनं विचारलं.

"वेळेवर आणला, म्हणून उम्मीद आहे." मग ते देवीदासकडे वळून हळू म्हणाले, "पण त्या दिवशी साफ सांगितलं असतं, तर यांनी त्याला घरी बांधला असता. कदाचित आजारीच पडला नसता."

देवीदासची मान खाली गेली, ती वर आली नाही. भिडेपायी माणूस वाईट होतो असं नाही, पण शेजाऱ्याला महाग पडतो.

बोंड्यानं सुई टोचून घेताना सत्यवतीची हनुवटी चाटली, कूंसुद्धा केलं नाही. गोवर्धन मात्र पेटी उघडून बसला होता. "देवी आल्या नाहीत ना? मग येऊ नयेत म्हणून टोचून घ्या. आलोच आहे तर रिकामा कसा जाऊ?" देवीदासला नाही म्हणायचं होतं, पण दिवसाचे सगळे 'नाही' संपून गेले होते. त्याच्या दंडावर टोचलं तेव्हा तो असा ओरडला, की बकरी दावं तोडून पळाली.

गर्दी पांगल्यावर शेषराव मागं रेंगाळला.

"म्हंजे घोंगडीत देवी नव्हतीच?"

"नव्हती भाऊ."

"तूच होता?"

"मीच."

शेषरावनं थोडा विचार केला. "मंग ते गुलाबाचं मी काही बोललोच नाही."

देवीदासची मान हलली.

त्याच दिवशी डहाळी उतरली. उत्तमरावांना बाळापूरला निरोप गेला, की घर मोकळं झालं, मंगळवारी या. वाघ्यानं चौथ्या दिवशी भाकरीचा तुकडा चघळला, आणि शेषराव रस्त्यात येईल त्याला ती बातमी सांगत सुटला. सगळं मार्गी लागलं असं देवीदासला वाटलं. पण पार्बताबाई तेल्हाऱ्याला गेली नव्हती.

"मंगयवार हाय," ती म्हणाली. "नवस."

देवीदासनं सत्यवतीकडे पाहिलं. तिनं बोंड्याच्या कानात तोंड खुपसलं होतं आणि तिचे खांदे हलत होते.

म्हणून त्या मंगळवारी देवीदास फुलवाला डोक्याला, गळ्यात आणि कमरेला धोतरावरून लिंबाचा पाला नेसून जुन्या शहरातून मरीमायच्या देवळाकडे निघाला. पुढं पार्बताबाई हळदीकुंकवाचं ताट घेऊन, मागं सगळी गल्ली. दाराशी सत्यवती बोंड्याला कडेवर घेऊन उभी होती. बोंड्यानं त्या चालत्या झाडाकडे पाहिलं, कान टवकारले आणि भुंकायला लागला. सत्यवती मागच्या उन्हाळ्यापासून पहिल्यांदा मोकळी हसली. ते पाहून देवीदासला पाला तितकासा टोचेनासा झाला. दर्शन झालं, आणि देवळाबाहेर शेषरावनं आनंदानं त्याला कडकडून मिठी मारली. घरी आल्यावर सत्यवतीनं त्याला ओट्यावरच अडवलं.

"शेषरावभाऊ गळ्यात पडले ना? वाघ्याच्या बाजूले झोपते ते. तसेच बसा बाहेर. पानी तापवते, आंघोळ करा, मंग आत या. पाला सोडू नोका इथं, लोकं पाहतीन."

नियम देवीदासनंच आणलेला होता. तो ओट्यावर बसला. आतून कढईत तेल तापल्याचा वास आला, मोहरी तडतडली, आणि मग कितीतरी दिवसांनी वांग्याच्या भाजीचा झणका नाकात शिरला. त्याला भरून आलं. त्यानं डोळे मिटले.

डोळे उघडले तेव्हा गल्लीच्या तोंडाशी दमणी उभी होती. उत्तमराव बाळापूरहून आले होते. दारावरची डहाळी उतरली होती खरी, पण तिच्यासकट आणखी निम्मं झाड ओट्यावर मांडी घालून बसलं होतं. उत्तमरावांनी दमणीतूनच हात जोडले.

"काय गा देवीदास, अजून हायेच का देवी घरात?"

फक्त एक शब्द म्हणायचा होता. देवीदासनं तोंड उघडलं. समोर माणूस होता, विचारत होता. देवीदासची मान आपोआप वरून खाली आणि खालून वर हलली, आणि डोक्यावरची दोन पानं गळून मांडीवर पडली.

दमणी वळली आणि बाळापूरच्या रस्त्याला लागली.